सोसायटी, देवस्थान, शाळा, ग्रामपंचायत... माहिती अधिकार नक्की लागू कोणाला?

खाडीकाठची

नमस्कार, थोडं लांब लिहितेय पण सगळं एकदाच विचारून घेते. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावर. बाबांची बोट आहे आणि ते गावच्या मच्छीमार सोसायटीचे वीसेक वर्षं सभासद आहेत. डिझेल सोसायटीच्या पंपावर भरायचं आणि त्यावरच्या कराचा परतावा शासनाकडून मागाहून येतो, ते बंदरावरच्यांना सांगायला नको. तर दीड वर्ष झालं बाबांना परतावा नाही, बाजूच्या दोन बोटींना आलाय असं बोलतात, आणि सेक्रेटरींना विचारलं की "वरूनच आला नाही". शेवटी मी आरटीआयचा अर्ज लिहिला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि स्वतः नेऊन दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि माझ्याच अर्जावर पेनाने "संस्थेस आरटीआय लागू नाही" लिहून, शिक्का मारून परत दिला.

देवस्थानच्या ट्रस्टींनी पण जत्रेचा हिशोब विचारल्यावर हेच सांगितलं होतं. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचं इतिवृत्त मागितलं तर म्हणे अजून लिहायचंय, नंतर या. मग हा कायदा लागू आहे तरी कोणाला? कोणी नीट समजावेल का, मला खरंच कळत नाहीये.

जुना ऑडिटर

ताई, मी सहकार खात्यात लेखापरीक्षणात नोकरी केली, अशा सोसायट्यांची दप्तरं खूप बघितली म्हणून सांगतो. सेक्रेटरींनी लिहिलंय ते बहुतेक बरोबर आहे, पण त्याने तुमचा हक्क संपत नाही.

२००५ च्या कायद्यात कलम २(ह) मध्ये "सार्वजनिक प्राधिकरण" कोण ते दिलंय. घटनेने, संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने, नाहीतर शासनाच्या अधिसूचनेने जे निर्माण झालं ते. शिवाय शासनाच्या मालकीचं, नियंत्रणाखालचं किंवा शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारं. आता लोक म्हणतात सोसायटी पण सहकार कायद्यानेच झाली ना? तर नाही, कायद्याने निर्माण होणं वेगळं आणि कायद्याखाली नोंदणी होणं वेगळं. बंदरांचा कारभार बघणारं मेरीटाइम बोर्ड १९९६ च्या कायद्याने जन्माला आलं, तुमची सोसायटी गावातल्या माणसांनी एकत्र येऊन काढली आणि मग नोंदवली. केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१३ मध्ये हेच सांगितलं, की सहकार खात्याच्या निबंधकाची देखरेख आहे म्हणून सोसायटी सरकारी होत नाही, आणि सबसिडी किंवा सवलत मिळते एवढ्यानेही होत नाही, संस्था जवळजवळ त्या पैशावरच उभी असली पाहिजे आणि ते मागणाऱ्याने दाखवायचं. परतावा तर बोटमालकाचा, सोसायटीचा नव्हेच.

पण बाबा सभासद आहेत ना! महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ३२ वाचा. सभासदाला ऑफिसच्या वेळेत फुकट बघायला मिळतं: उपविधी, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, नफा-तोटा, सभासदांचं रजिस्टर, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीच्या मीटिंगचं प्रोसिडिंग, आणि त्याचे स्वतःचे व्यवहार जिथे लिहिलेत ती पानं. नकला हव्या तर फी भरून महिन्याभरात द्यायच्या. हे आरटीआयपेक्षा जुनं आहे आणि गावात कोणी वापरतच नाही याचं मला नोकरीभर वाईट वाटलं. साध्या कागदावर अर्ज करा, पण सही बाबांची, तुमची नाही. नाही दाखवलं तर निबंधकांकडे तक्रार.

देवगडवाला

ऑडिटर काकांनी सांगितलं त्यात भर. सोसायटीला लागू नसला तरी मत्स्यव्यवसाय खात्याला आहेच आणि परताव्याचा पैसा तिथूनच निघतो, मग अर्ज तिकडेच टाका ना, जिल्ह्याचं सहायक आयुक्तांचं ऑफिस आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये १७ बाबी आहेत ज्या प्रत्येक सरकारी ऑफिसने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या, त्यात अनुदानाच्या योजना, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण हे सरळ लिहिलंय. म्हणजे कोणत्या बोटीला किती गेले हे गुपित नाही.

सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट पण निबंधकांच्या ऑफिसात आरटीआयने मिळू शकतो. कलम २(फ) बघा, खाजगी संस्थेची जी माहिती सरकारी ऑफिसला दुसऱ्या कायद्याने मिळवता येते ती पण "माहिती"त धरलीय. आमच्याकडे एका खाजगी जेट्टीचे कागद आम्ही असेच मिळवले, कंपनीने दारात उभं केलं नाही पण मेरीटाइम बोर्डाकडे परवानगीची सगळी फाइल होती, नकाशासकट, पानाला २ रुपये देऊन घेतली.

एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "परतावा का दिला नाही" असं नका विचारू, का ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "अमुक संस्थेकडून अमुक तारखेपासून आलेले डिझेल परताव्याचे प्रस्ताव, त्यासोबतची बोटींची यादी, मंजूर रकमा आणि त्रुटीपत्रं यांच्या प्रती" असं कागदाचं नाव घेऊन मागा.

अंगणेवाट

शाळा आणि देवस्थानाबद्दल मी लिहिते, मी शिक्षिका आहे. खाजगी संस्थेची शाळा असली आणि पगार बहुतेक शासनाच्या अनुदानातून होत असेल तर ती यात येते. डीएव्ही कॉलेजच्या केसमध्ये सप्टेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मोठ्या प्रमाणात म्हणजे ५० टक्क्यांच्या वरच पाहिजे असं काही नाही. विनाअनुदानित असेल तर वेगळं, तिथे शिक्षणाधिकाऱ्यांकडे असलेली माहिती मागायची.

देवस्थानात पण असाच फरक. मुंबईच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डीसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून ती देवस्थानं कायद्यानेच निर्माण झालेली. आपलं गावचं ग्रामदैवत नुसतं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं, त्यांना थेट अर्ज चालत नाही. पण ट्रस्टचे हिशोब आणि ट्रस्टी बदलाचे कागद धर्मादाय कार्यालयात जातात, ते तिथून बघता येतात. एक विनंती, जत्रेच्या हिशोबासाठी आधी चार मानकऱ्यांना घेऊन बसून विचारा. देवळाचं भांडण गावात तीन पिढ्या चालतं, मी माझ्या माहेरी बघितलंय.

वाडीतला

ग्रामपंचायतीचं मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. तिला आरटीआय शंभर टक्के लागू. ग्रामसभा तर तुमचीच, गावच्या मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण तिचा सभासद. वर्षाला किमान ४ सभा घ्यायच्याच, कारण नसताना नाही घेतल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. कोरम १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं कमी असेल ते. आणि आधी महिलांची सभा व्हायला पाहिजे, ती झाली का ते पण विचारा, आमच्याकडे नुसत्या सह्या घेत फिरायचे. मुंबईकर मंडळी गणपतीत येऊन ग्रामसभेत जोरात बोलतात पण नाव मुंबईच्या यादीत असेल तर मत धरत नाहीत, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे वाद नाही.

कलम ४ मध्ये हे पण आहे की मंडळं, समित्या कुठल्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त बघायला मिळतं का हे ऑफिसने स्वतःच जाहीर करायचं. जोडपत्र अ, म्हणजे आरटीआय अर्जाचा ठरलेला नमुना, त्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते सांगते. बाबांच्या सहीने कलम ३२ चा अर्ज दिला, सेक्रेटरींनी दोनदा वाचला आणि चार दिवसांनी बोलावलं. लाल कापडी बांधणीचं प्रोसिडिंग बुक समोर ठेवलं. मागची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी सगळ्या बाहेर, आणि लिहिलंय "कोरमअभावी तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी", खाली ११ सह्या. बाबा बोट ठेवून एकेक नाव वाचत होते आणि काही बोलले नाहीत. त्या सभेला विषय क्रमांक ६ परताव्याचे प्रस्ताव हाच होता.

बाबांच्या डिझेलच्या पानावर लिटर सगळे बरोबर भरलेत, पण वर मासेमारी परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख टाकायची जागा कोरी आहे. परवाना चालू आहे, त्याची झेरॉक्स आम्ही दिली होती, पोच घेतली नव्हती. आता परत दिली आणि या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. सेक्रेटरी म्हणाले पुढच्या प्रस्तावात नाव घालतो. मागच्या दीड वर्षाचं काय ते त्यांना सांगता येईना, म्हणून देवगडवाल्या दादांनी सांगितलं तसा मत्स्यव्यवसायला अर्ज लिहिला, १३२ शब्द झाले, काल रजिस्टर पोस्टाने गेला. आणि या वर्षीची सभा १५ सप्टेंबरच्या आत, सगळ्या बोटी बंदरात असतील अशा दिवशी घ्या असं पत्र बाबा लिहितायत, आतापर्यंत नऊ तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) सही करायला तयार आहेत.