कॅम्परच्या सिल्व्हर रंगाचा टचअप जुळत नाहीये, काय करू?

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिची मोटरहोम करून घेतलीये, खालचा पत्रा सिल्व्हर, वरचं छत फायबरचं पांढरं. कोकणात वेळासला जाताना अरुंद रस्त्यात करवंदीच्या जाळीने दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडे ओढले, एका ठिकाणी तर पत्रा दिसतोय. कंपनीचा रंगाचा कोड देऊन दुकानातून रंग बनवून घेतला आणि ब्रशने थोडा लावून बघितला, तर डाग उठून दिसतोय, समोरून उजळ आणि बाजूने काळपट. कोड चुकलाय का? आणि खिडकीखाली रंगाला फुगे आलेत, तेही यातच उरकतील का?

शेडकार्ड:
दादा, कोड बरोबरच असणार. कोड म्हणजे गाडी नवी होती तेव्हाचा रंग, तुमची गाडी त्यानंतर कितीतरी उन्हाळे उघड्यावर उभी राहिलीये. आधी ओरखड्याच्या आजूबाजूला रबिंग (घासून चकाकी आणायची पेस्ट) मारा, वरचा मळ आणि मेलेला थर निघाला की खरा रंग दिसेल, शेड त्याच्याशीच जुळवायची. डिझेलच्या टाकीचं झाकण सुटं निघत असेल तर तेही रबिंग करून दुकानात घेऊन जा, मशीनवर लावून शेड काढून देतात, पण मशीनवरही डोळे झाकून विसंबू नका, कार्डावर स्प्रे करा, वर क्लिअर (पारदर्शक थर) मारा, वाळू द्या आणि मग ते गाडीला टेकवून उन्हात एकदा, सावलीत एकदा बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड बाहेर आणली की हमखास वेगळी दिसते.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम, सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते कसे बसतात त्यावर रंग ठरतो, त्यामुळे डब्यातला रंग तोच असला तरी ब्रशने मारला की वेगळा आणि स्प्रे गनने मारला की वेगळा. ओला जाड हात मारला की काळपट, कोरडा हलका मारला की उजळ. म्हणून मेटॅलिक ओरखड्यापुरतं मारायचंच नाही, बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) आजूबाजूला हलका हलका विरत न्यायचा आणि क्लिअर मात्र जवळच्या जोडापर्यंत किंवा बीडिंगपर्यंत पूर्ण पॅनलवर. अख्खी बाजू करायची काहीच गरज नाही.

सह्याद्री_वॅन:
फुग्यांवर रंग मारू नका प्लीज! खिडकीचं सीलिंग गेलंय आणि आत पाणी जातंय, पत्रा आतून गंजतोय. खिडकी काढा, गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचं अस्तर), मग रंग, आणि खिडकी बसवताना पॉलीयुरेथेन सीलंट वापरा. कॅम्परवाले जिथे तिथे सिलिकॉन भरतात, त्याचा नुसता हात जरी पत्र्याला लागला तरी रंग त्या जागी थांबत नाही, गोल गोल खड्डे पडतात. म्हणून घासायच्या आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, एका फडक्याने लावा, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपा. आधी घासलंत तर सिलिकॉन ओरखड्यांत अजून आत जातं.

डोंगरवाट:
खूप आभार, आता नीट कळलं. पत्रा उघडा पडलाय तिथे किती नंबरचा पेपर? आणि पावसाआधी घरीच करावं म्हणतोय, पार्किंगमध्ये.

शेडकार्ड:
उघड्या जागी आत्ताच प्रायमर मारा, रंग नंतर झाला तरी चालेल, कोकणातून आलेली गाडी आहे, मीठ लागलेलं असतं, त्यामुळे आधी गोड्या पाण्याने धुवा. पेपरचं म्हणाल तर प्रायमर ४०० ने घासा, बेसच्या आधी ८००, क्लिअर जिथे जुन्या रंगावर चढणार तिथे १००० किंवा त्याहून बारीक. हवा दमट असेल त्या दिवशी गन हातात घेऊ नका, थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका होतो. आणि हार्डनरवालं क्लिअर सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजिबात नको. त्यात आयसोसायनेट असतं, एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठतो, आणि कापडी मास्कने ते अडत नाही. बेसपर्यंतची तयारी तुम्ही करा, बेस आणि क्लिअर स्प्रे बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेल्याकडून मारून घ्या, तेवढंच काम असेल तर पैसे बरेच कमी घेतात.

सह्याद्री_वॅन:
छताला मात्र हा रंग-प्रायमर काही लावू नका, ते जेलकोट (फायबरवरचा मूळ चकचकीत थर) असेल तर नुसतं रबिंग कंपाउंड मारून वॅक्स केलं तरी पांढरं निघतं. बोट फिरवून बघा, खडूसारखी भुकटी लागली तर कंपाउंडच पुरे. केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या तर फोटो टाका इथे, त्याचं वेगळं आहे.