आठवणीचं शिल्प टिकावं की संपावं?

मैलाचा_दगड:
चौकात स्मारक उभं राहिलं की त्याच दिवसापासून लोक ते विसरायला मोकळे होतात. अनावरण, हार, भाषण. पुढे ते 'तिथून डावीकडे वळा' एवढं सांगण्यापुरतं उरतं. म्हणून मला हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागातला खांब सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. योखेन गेर्झ आणि एस्थर शालेव-गेर्झ यांनी १९८६ मध्ये फॅसिझमविरोधी स्मारक म्हणून तो उभारला. उंची १२ मीटर, वरून शिशाचा थर. लोकांनी पोलादी टोकाने त्यावर सही कोरायची; हात पोचेल तेवढा भाग भरला की खांब तेवढा जमिनीत उतरवायचा. १९९३ मध्ये तो पूर्ण खाली गेला. लक्षात ठेवण्याचं काम माणसांचं, ते खांबाच्या गळ्यात कशाला?

उंबरठा:
साफ असहमत. खांबाची गोष्ट तुम्ही सांगितलीत म्हणून मला कळली, म्हणजे काम तुमच्या शब्दांनी केलं. जमिनीत गेलेल्या वस्तूची राखण करायला सतत कुणीतरी सांगणारा लागतो. तो गेला की संपलं. आणि त्या शिशावर नुसत्या शहाण्या सह्या नाहीत हो, नाझी चिन्हंही ओरखडली आहेत.

मैलाचा_दगड:
तेच तर! ती घाणही त्याच वस्तीची. गुळगुळीत संगमरवरावर ती उमटली असती का? रातोरात पुसली गेली असती.

पायरीचा_चिरा:
दोघंही एकाच खांबाला धरून बसलात. जरा खाली बघा. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ पासून फुटपाथमध्ये बसवायला घेतलेले 'श्टोल्परश्टाइन', म्हणजे ठेच लागणारे दगड. दहा सेंटिमीटरचा चौकोन, वर पितळी पत्रा. 'येथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. नाझींनी ज्यांना संपवलं किंवा हुसकावलं, त्यांनी स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर तो बसतो. २०२३ मध्ये संख्या एक लाखावर गेली. पितळ काळवंडतं, म्हणून कुणीतरी फडकं घेऊन गुडघ्यावर बसतं आणि घासतं. घासताना नाव वाचलं जातंच. टिकणं आणि झिजणं दोन्ही त्यात आहे, फक्त माणूस लागतो.

उंबरठा:
आणि त्याच नावावर लोक पाय देऊन जातात, तेही सांगा की. म्युनिकमध्ये ज्यू समाजातल्याच काहींचा हा आक्षेप होता, आणि नगरपरिषदेने २०१५ मध्येही सार्वजनिक जागेत हे दगड नकोत हेच धोरण कायम ठेवलं. २०१८ पासून तिथे भिंतीवर पाट्या किंवा खांब लावतात, नजरेच्या उंचीवर. मला हे बरोबर वाटतं. ज्यांना एकदा तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली का?

पायरीचा_चिरा:
मुद्दा मान्य. पण वाचायला वाकावं लागतं, ते मला नमस्कारासारखं वाटतं. इथे आपलं जुळायचं नाही.

काळाभोर:
काळाबद्दल बोलायचं तर वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाला तोड नाही. १९८२ सालचं, वास्तुरचनाकार माया लिन यांचं. कोनात जुळलेल्या दोन लांब भिंती, त्यावर युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची ५८ हजारांवर नावं, आणि क्रम अकारविल्हे नाही, माणूस ज्या तारखेला पडला त्या तारखेचा. सुरुवात दोन भिंती जुळतात त्या मधल्या कोपऱ्यात, तिथून उजव्या टोकाला, मग डाव्या टोकापासून परत मध्याकडे. युद्धाचं पहिलं आणि शेवटचं साल शेजारी येतं. एकाच दिवशी गेलेले सोबती जवळजवळ सापडतात. वर्णानुक्रम लावला असता तर नुसती टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. काळा ग्रॅनाइट इतका घासलेला की नाव शोधताना आपलंच तोंड दिसतं.

उंबरठा:
बघा, हे टिकलंय आणि बोलतंयही. तेव्हा किती बोंब झाली होती, 'काळी जखम' वगैरे! १९८४ मध्ये शेजारी तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. आज लोक हात कुठे लावतात? भिंतीला.

मैलाचा_दगड:
हात लावतात ना, म्हणजे पुन्हा माणूसच. पण ठीक, सगळंच जमिनीत गाडा असं मी यापुढे म्हणणार नाही.

रिकामटेकडा:
आणि जर्मनीतल्या वेम्डिंग गावाचा 'काळ-पिरॅमिड' कुणीच काढला नाही? गावाला १२०० वर्षं झाली म्हणून १९९३ मध्ये सुरू केला. काँक्रीटचे १२० ठोकळे, दर दहा वर्षांनी एक, काम संपणार ३१८३ मध्ये. चौथा २०२३ ला बसला. पाचवा बसला की धागा वर काढा, मग भांडू.