मदत हवी आहे: थ्युरिंगियातील तिसऱ्या फेरीचा अर्थ
जर्मनीतील थ्युरिंगिया राज्याच्या घटनेच्या कलम ७० नुसार मुख्यमंत्र्याच्या निवडीत मतदानाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत राज्य विधिमंडळाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. तिसऱ्या फेरीत मात्र सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, आणि याच तरतुदीमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये थॉमस केमेरिश एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या पाठिंब्यावर ४५ विरुद्ध ४४ असे विजयी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ८८ पैकी नेमक्या ४४ जागा असलेल्या आघाडीचे मारिओ फोग्ट पहिल्याच फेरीत निवडले गेल्याने (तेही ५१ मतांनी!) तिसरीची वेळच आली नाही. परंतु त्या फेरीत उमेदवार एकच असल्यास विरोधी मते निरर्थक ठरतात का? जर्मन घटनाशास्त्राच्या अभ्यासकांनी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद कृपया समजावून सांगावेत.