वचन ऐकल्यानंतरची स्तुती: रविवारच्या भक्तीत तिला जागा कोठे?

नेरुळचा उपासक (प्रश्न)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. नेरुळमधील आमची मराठी मंडळी लहान आहे. रविवारच्या भक्तीचा क्रम नव्याने ठरवण्याचे काम पाळकसाहेबांनी आम्हां काही जणांवर सोपवले आहे. सध्या आरंभी बराच वेळ गाणी होतात, पेटी आणि ढोलकीच्या साथीने मंडळी मनापासून गाते. त्यानंतर शास्त्रवाचन आणि उपदेश होतो, मग अर्पण, सूचना आणि आशीर्वाद. म्हणजे स्तुती जेवढी आहे तेवढी सगळी वचनाच्या आधी होते. वचन ऐकून झाल्यावर मंडळीच्या मुखातून एका ‘आमेन’पलीकडे काहीच निघत नाही.

तरुण संघाला वाटते की वचनानंतर मोकळ्या मनाने स्तुती व्हावी. वडीलधाऱ्यांना वाटते की वचनानंतर गांभीर्य टिकावे, गाण्याबजावण्यात ते विरून जाऊ नये. दोघांच्याही मनात वचनाविषयी आदरच आहे, म्हणून कोणाचेही म्हणणे बाजूला सारण्याची माझी इच्छा नाही. शास्त्र ऐकल्यावर मोठ्याने, आनंदाने स्तुती करण्यास पवित्र शास्त्रातच आधार आहे काय, आणि असल्यास ती क्रमात कशी बसवावी, हे जाणकारांनी सांगावे.

कोपरीचा वाचक

आधार आहे, आणि तो भक्कम आहे. जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय मंडळीत सर्वांसमोर वाचावा, अशी माझी विनंती आहे. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरील चौकात एकत्र जमतात आणि एज्रा शास्त्र्याला नियमशास्त्राचा (मोशेच्या आज्ञांचा) ग्रंथ आणावयास सांगतात. मागणी लोकांची आहे, हे लक्षात घ्यावे. तो लाकडी मंचावर उभा राहून ग्रंथ उघडतो, तेव्हा सर्व लोक उठून उभे राहतात; तो परमेश्वराचा धन्यवाद करतो, तेव्हा ते हात वर करून ‘आमेन, आमेन’ म्हणतात आणि भूमीपर्यंत लवून नमन करतात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालते आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशातील लोक, वाचलेल्याचा अर्थ लोकांना समजावून सांगतात.

पुढे जे घडते ते आपल्या वडीलधाऱ्यांना नक्की पटेल. लोक प्रथम रडतात. नियमशास्त्र ऐकून त्यांना स्वतःची स्थिती दिसते, आणि त्या अश्रूंना कोणीही खोटे म्हणत नाही. परंतु अधिपती नहेम्या, एज्रा आणि लेवी त्यांना सांगतात की हा दिवस परमेश्वराप्रीत्यर्थ पवित्र आहे, शोक करू नका. जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटा पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचे बळ आहे. बाराव्या वचनात त्या आनंदाचे कारणही दिले आहे: सांगितलेली वचने त्यांना समजली होती. माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रश्नाचे उत्तर याच वचनात आहे. ढोलकीने चढवलेला आनंद आणि वचन उमजल्यामुळे उसळलेला आनंद बाहेरून सारखे दिसू शकतात, पण दुसऱ्याला समजुतीचा पाया असतो, आणि म्हणून त्यात गांभीर्य हरवत नाही. नव्या करारातही हेच दिसते. पिसिदियातील अंत्युखियात पौल आणि बर्णबा यांचे बोलणे ऐकून परराष्ट्रीय आनंदित झाले आणि त्यांनी प्रभूच्या वचनाचा गौरव केला (प्रेषितांची कृत्ये 13:48).

तलावपाळीजवळची कॅथलिक भगिनी

मी ठाण्यातील कॅथलिक आहे, त्यामुळे आमची रीत थोडक्यात सांगते. आमच्या रविवारच्या मिस्सात (मुख्य उपासनेत) पहिल्या वाचनानंतर लगेच प्रतिसाद स्तोत्र असते. ते त्या वाचनाशी जुळणारे निवडलेले असते. गायक कडवे गातो आणि सर्व लोक एकच ओळ पुनःपुन्हा म्हणतात. ज्यांना गाता येत नाही तेही त्या ओळीत सहज मिसळतात. शुभवर्तमानाआधी आम्ही उभे राहून ‘आलेलुया’ गातो, मात्र पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात तो शब्द म्हणत नाही आणि त्या जागी दुसरा स्तुतिघोष असतो. त्यामुळे पुनरुत्थानाच्या सणाला तो शब्द परत येतो तेव्हा त्याचे मोल वाटते. आपल्या मंडळीत आलेलुया बाराही महिने असावा की नाही, हा निर्णय आपलाच आहे. पण एका ओळीचा प्रतिसाद हा प्रकार लहान मंडळीला फार सोपा जातो, असे मी आवर्जून सांगेन.

कळव्याचे निवृत्त शिक्षक

या चर्चेत ठाण्याचाच एक धागा जोडतो. येथील सेंट जेम्स चर्चचे समर्पण 1825 साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झाले. हेबर स्वतः गीतकार होते. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी चर्चच्या वर्षातील रविवारांना आणि सणांना अनुसरून, त्या त्या दिवसाच्या शास्त्रपाठाशी जोडलेली गीते रचली, आणि 1826 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्या वर्षी तो संग्रह छापला गेला. त्यातील त्रैक्याच्या रविवारचे गीत जगभर गायले जाते आणि मराठी मंडळ्यांतही ते परिचित आहे. ते थेट प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायातून उचललेले आहे. जे वाचले तेच गावे, हा विचार दोनशे वर्षांपूर्वी अगदी गंभीर प्रकृतीच्या चर्चमध्ये रुजलेला होता.

आपल्या मातीतही या विचाराला तयार रूप आहे. कीर्तनात निरूपण आणि गायन वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात. अर्थ उलगडला की कीर्तनकार अभंगाच्या ओळीवर परत येतो आणि टाळकरी ती उचलून धरतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग आणि भजनांच्या चालीत ख्रिस्ती मराठी गीते लिहिली, ती यासाठी अत्यंत उपयोगी आहेत. उपदेश संपल्यावर ‘आता गीत क्रमांक अमुक’ अशी घोषणा करण्याऐवजी, उपदेशकाने शेवटचे वचन पुन्हा वाचावे आणि गाणाऱ्याने तेथूनच सूर धरावा. त्यासाठी वाचक, उपदेशक आणि पेटीवादक यांनी शनिवारी एकत्र बसून तो शास्त्रपाठ वाचला पाहिजे. अनेक मंडळ्यांत गाणी निवडणाऱ्याला रविवारी कोणता पाठ आहे हे ठाऊकच नसते, आणि खरी अडचण मला तेथे दिसते.

ऐरोलीची महिला मंडळ सेविका

सर्वांशी सहमत होऊन एक गोष्ट मांडते. प्रत्येक वाचनानंतर एकाच प्रकारचा आनंद मागू नये. स्तोत्र 88 अंधारातच संपते. उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन झाल्यावर टाळ्या शोभणार नाहीत. योशीया राजाने नियमशास्त्र ऐकले तेव्हा वस्त्रे फाडली. नहेम्याच्या ग्रंथातही त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी लोक उपास करून पापे कबूल करतात. आमच्या मंडळीत नुकतेच घरातील माणूस गमावलेल्या भगिनी मागच्या बाकावर बसलेल्या असतात, आणि त्यांना ‘हसा, हात वर करा’ असे व्यासपीठावरून सांगणे निर्दय ठरते. वाचनानंतर थोडी शांतता ठेवा. ती पुरेशी असेल तर रडणाऱ्यालाही पुढच्या गीतात यावेसे वाटते.

नेरुळचा उपासक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाळकसाहेबांशी बोलणे झाले. आरंभीची गाणी थोडी कमी करून उपदेशानंतर शांतता आणि मग वचनातूनच निघालेले एक गीत, असा क्रम आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, सुरू करण्यास वडीलधारेही तयार आहेत. पहिला पाठ यशया 12 हा घेण्याचे योजिले आहे. तो अध्याय मुळातच स्तुतिगीत आहे, आणि तारणाच्या झऱ्यांतून आनंदाने पाणी काढण्याविषयीची त्यातील तिसरी ओळ कॅथलिक भगिनींनी सुचवल्याप्रमाणे मंडळीच्या प्रतिसादासाठी घेता येईल, असे वाटते. या ओळीला साजेशी, ओवीच्या अंगाने जाणारी सोपी चाल कोणाजवळ असल्यास कृपया येथे कळवावी.