पाऊस आला की मोटरीचा रिले सगळं विसरतो (टास्मोटा)

ज्योत्स्ना_इंदिरानगर

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

आमचं नाशिकच्या इंदिरानगरला रो-हाऊस आहे. जमिनीत एक टाकी, गच्चीवर एक, मधे एक एचपीची मोटर. नळाला पाणी सकाळी साडेसहाच्या सुमारास येतं. मोटरीला कॉन्टॅक्टर (मोटरीचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) आहे आणि त्याची कॉइल एका छोट्या वाय-फाय रिलेवर. रिलेच्या पोटात ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप. मोटरीचा करंट रिलेतून जात नाही, तेव्हा 'एवढ्याशा रिलेवर मोटर लावली का' हा प्रश्न कृपया नको. तो आमच्या वायरमनने तीनदा विचारून झालाय.

मूळ कंपनीचं ॲप एका सकाळी लॉगिनच घेईना. पाणी येऊन गेलं, गच्चीवरची टाकी कोरडी, आणि मी हातात फोन घेऊन ओटीपीची वाट बघत उभी. त्या दिवशी ठरवलं, माझी मोटर माझ्या घरातूनच चालली पाहिजे. मी अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध शून्य. तरी मार्चमध्ये रिलेत टास्मोटा टाकलं, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी घरच्या घरी चालणारं दुसरं सॉफ्टवेअर. एमजी रोडवरून यूएसबी-टू-टीटीएल (लॅपटॉप चिपला जोडायचा अडॅप्टर) आणला, जंपर ३.३ व्होल्टवर लावला, रिले मेन्सपासून पूर्ण सोडवून डायनिंग टेबलावर घेतला. दोन संध्याकाळी लॅपटॉपला पोर्टच दिसेना. केबल नुसती चार्जिंगची निघाली! ती बदलली तर 'कनेक्टिंग'पुढे ठिपकेच ठिपके. टीएक्सला (पाठवायच्या पिनला) आरएक्स (घ्यायची पिन) जोडायचं असतं, मी टीएक्सला टीएक्स जोडलं होतं. आयुष्यभर नावे-जमा करणाऱ्या बाईला हे तिसऱ्या दिवशी कळावं! वीज देताना चिपचा जीपीआयओ० हा पिन ग्राउंडला टेकलेला हवा, हेही तेव्हाच कळलं. मग मिनिटभराचं काम होतं.

सेटिंग अशी (कमांड इथे देवनागरीत लिहितेय, कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या पानावर, अर्थातच इंग्रजीत आहेत): टाइमर सकाळी ६:४० ला चालू. पल्सटाइम १०००, म्हणजे शंभर वजा करून उरलेले ९०० सेकंद, पंधरा मिनिटांनी मोटर आपोआप बंद. पॉवरऑनस्टेट ०, म्हणजे लाईट जाऊन आली तरी मोटर आपसूक सुरू होणार नाही. घरात कोणी नसताना कोरडी फिरायला नको.

मार्च ते मे एक तक्रार नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि रिलेला विस्मरण जडलं. ऑफिसात फोन येतो, 'मोटर लागत नाही'. संध्याकाळी घरी येऊन बघते तर फोनच्या वाय-फाय यादीत 'टास्मोटा-' असं नाव, कुलूप नसलेलं. त्याला जोडून १९२.१६८.४.१ उघडलं की सगळं कोरं. वाय-फाय गेलं, मी ठेवलेलं नाव गेलं, मोड्यूलची (उपकरणाच्या प्रकाराची) निवड गेली, टाइमर गेले. पुन्हा सगळं भरते. सवयीप्रमाणे वहीत नोंद ठेवली आहे: १२ जून, १९ जून, २७ जून, ३ जुलै, ८ जुलै. पाचही दिवशी सकाळी पाऊस होता आणि लाईट एकदा तरी जाऊन आली होती. पोर्चच्या दिव्यावरही टास्मोटा आहे, लाईट त्याचीही जाते, पण त्याला काही होत नाही.

तो दिवा वेगळंच नाटक करतो. टाइमरमध्ये सूर्यास्त निवडलाय आणि तो लागतो रात्री दीडच्या आसपास. शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे कोणीतरी दुसऱ्या पाळीवरून घरी येतं. पण आधी मोटरीचं बोला.

नेटवाला_कॉलेजरोड

राउटर बघा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलंय का? ईएसपी८२६६ फक्त २.४ वर चालतो. सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ करा. लाईट आल्यावर राउटर उशिरा उठतो आणि रिले तोवर कंटाळतो, असंही होतं.

ज्योत्स्ना_इंदिरानगर

हे मार्चमध्येच करून झालंय. शिवाय वाय-फाय मिळालं नाही तर तो ऑफलाइन दिसेल, टाइमर आणि नाव कशाला विसरेल? पासबुक हरवलं म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत.

सातपूर_मेंटेनन्स

ताई, कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना झटका मारते. कॉइलवर आरसी स्नबर (तो झटका शोषणारा भाग) आहे का? नसेल तर बसवा. झटक्याने प्रोसेसर हँग होतो, रीस्टार्ट होतो. आमच्या शॉपमध्ये एका पॅनेलचा टाइमर याच कारणाने वेडा झाला होता. नाहीतर रिलेच्या सप्लायचा कपॅसिटर फुगलाय का बघा. मी असतो तर फ्लॅश (चिपची मेमरी) पूर्ण पुसून टास्मोटा नव्याने टाकलं असतं.

द्राक्षबाग_निफाड

थांबा, लगेच पुसू नका, पुरावा जाईल. ताई, कन्सोलमध्ये 'स्टेटस १' टाका आणि बूटकाउंट व बीसीरीसेटटाइम या दोन ओळी इथे द्या. पहिली म्हणजे किती वेळा सुरू झाला, दुसरी म्हणजे ही मोजणी कधीपासून.

ज्योत्स्ना_इंदिरानगर

बूटकाउंट ४. मार्चपासून लाईट चार वेळाच गेली असती तर मी पेढे वाटले असते. बीसीरीसेटटाइम ८ जुलैचा, संध्याकाळी मी वाय-फाय पुन्हा भरलं त्याच वेळेचा.

द्राक्षबाग_निफाड

मग सप्लाय, स्नबर, राउटर सगळे निर्दोष. स्नबर तरीही बसवा, सातपूरवाल्यांचं ते बरोबर आहे. पण झटक्याने रिले रीस्टार्ट होतो, मोजणी एकने वाढते. तुमची मोजणीच कोरी झाली. म्हणजे रिले बिघडून विसरत नाही, त्याला कोणीतरी 'विसर' असा हुकूम देतंय आणि तो इमानदारीने पाळतोय.

हुकूम कोणता ते मला ठाऊक आहे, कारण मी त्यात पोळलोय. टास्मोटामध्ये सुटकेची एक वाट ठेवलेली आहे. वाय-फायचा पासवर्ड चुकला, डबा भिंतीत पक्का बसलाय, उघडता येत नाही, तेव्हा काय करायचं? लाईट सहा वेळा चालू-बंद करायची, दर वेळी दहा सेकंदांच्या आत, आणि सातव्यांदा चालूच ठेवायची. की तो सगळं सेटिंग पुसून मूळपदावर येतो. ही सोय आपण काही न करता चालू असते.

माझ्याकडे ठिबकच्या व्हॉल्व्हवर चार रिले. गेल्या पावसाळ्यात डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडाला. लाईनमन फ्यूज टाकतोय, तो पुन्हा उडतोय, पुन्हा टाकतोय. आमच्याकडे दर वेळी लाईट दोन-चार सेकंद चमकून जायची. मधला अंधार पाच सेकंदांचा असो की पाच मिनिटांचा, रिलेला फरक पडत नाही. तो एवढंच बघतो की आपण दहा सेकंद तरी सलग जिवंत राहिलो का. राहिला की या झटपट बंद-चालूची मोजणी शून्यावर. नाही राहिला तर बोट पुढे. चारही रिले एकाच दुपारी कोरे झाले आणि मी चिप बनवणाऱ्यापासून थेट इंद्रापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या.

उपाय एका ओळीचा: सेटऑप्शन६५ १. ही सोय बंद होते.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट जुळत नाही. लाईट तशी चमकली असती तर पोर्चचा दिवाही कोरा झाला असता. तो शाबूत आहे. तेव्हा सांगा, रिलेला येणारी वीज एखाद्या बटणावरून येते का? आणि सकाळी साडेसहा-सातला त्या बटणाशी कोण असतं?

पोर्चचं सोपं आहे. सूर्यास्त काढायला त्याला जागा लागते आणि आपण भरली नाही तर तो मूळ अक्षांश-रेखांश वापरतो. ते पॅरिसचे आहेत, चक्क आयफेल टॉवरचे. जुलैत तिथे सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजत आलेला असतो. लॅटिट्यूड २०.० आणि लाँगिट्यूड ७३.८ टाका.

बीके_वाला_पंचवटी

मधेच विचारतो, माझा स्मार्ट प्लग उघडला तर आत ईएसपी नाहीच, बीके७२३१ लिहिलंय. त्यावर टास्मोटा जाईल का?

द्राक्षबाग_निफाड

नाही. त्या चिपसाठी ओपनबेकेन हे सॉफ्टवेअर बघा. वेगळा धागा काढा, इथे ताईंची मोटर कोरडी पडेल.

ज्योत्स्ना_इंदिरानगर

तुमचा प्रश्न वाचला आणि वही घेऊन बसले. पाच तारखांत एकही रविवार नाही. रविवारी मी घरी असते, मोटर थांबली तर मीच फोनवरून लावते.

रिलेच्या आधी जुनं बटण आहे, स्वयंपाकघराच्या दारामागे. पूर्वी मोटर त्याच्यावरच लागायची. वायरमन म्हणाला होता, 'असू द्या ताई, कामाला येईल.' आलं कामाला.

संध्याकाळी सासऱ्यांना, अण्णांना, अगदी सहज विचारलं, 'अण्णा, सकाळी मोटर लागली नाही तर तुम्ही काय करता?' ते म्हणाले, 'काय करणार? बटण दाबून बघतो.' 'किती वेळा?' 'लागेपर्यंत.' आणि हवेतच बोटाने टक टक टक करून दाखवलं. वय एकोणऐंशी, पण बोट कॅशियरचं आहे.

आता ताळेबंद जुळतो. ६:४० ला मोटर लागते. पावसात लाईट एकदाच, क्षणभर जाते. माझ्याच पॉवरऑनस्टेट ० मुळे मोटर परत सुरू होत नाही. अण्णांना आवाज थांबलेला कळतो, नळाचं पाणी जायच्या आत टाकी भरायची घाई असते, ते बटण दाबतात. त्या बटणाने मोटर लागणं शक्यच नाही, रिलेला वीज मिळते पण तो बंदच उठतो. म्हणून पुन्हा दाबतात. सातव्यांदा रिले शहाण्यासारखा सगळं पुसून टाकतो. पोर्चच्या दिव्याला लाईट गेल्याचं एकदाच कळतं, त्याचं काही बिघडत नाही.

सेटऑप्शन६५ १ केलंय. पण त्याने अण्णांची मोटर लागणार नाही, फक्त माझं सेटिंग वाचेल. हे मला बरोबर वाटत नाही. मोटर थांबली की तो माणूस असं बटण दाबतोय ज्याने आता मोटर लागूच शकत नाही, आणि मी त्यांना ते सांगितलंच नव्हतं.

सातपूर_मेंटेनन्स

मग त्यांना खरं बटण द्या. घंटीचं पुशबटण घ्या, एक टोक जीपीआयओ१४ ला, दुसरं ग्राउंडला, मोड्यूलच्या पानावर तिथे 'बटन' निवडा. जीपीआयओ० वर लांब वायर ओढू नका. लाईट येताना कोणी दाबलेलं असेल तर रिले फ्लॅशिंग मोडमध्ये जाऊन बसेल.

एक गोष्ट मात्र कानावर घ्या. आतला ३.३ व्होल्ट म्हणजे हात लावायला सुरक्षित, असं समजू नका. या स्वस्त रिलेंचा सप्लाय मेन्सपासून अलग असेलच याचा भरवसा धरायचा नाही. बटण आणि वायर २३० व्होल्टची असल्यासारखीच बसवा, प्लॅस्टिकच्या बंद बॉक्समध्ये. ओल्या हाताने दाबणार आहेत ते. जुन्या बटणाच्या जागी एमसीबी (सर्किट ब्रेकर) घ्या, म्हणजे बंद करायची सोय राहील आणि टकटक करावीशी वाटणार नाही.

द्राक्षबाग_निफाड

भर घालतो. सेटऑप्शन६५ १ केल्यावर सुटकेची ती वाट गेली, तेव्हा दुसरं नेटवर्क म्हणून स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव-पासवर्ड भरून ठेवा. राउटर बदलला तरी आत शिरता येईल. कॉन्फिगरेशनचा बॅकअपही उतरवून ठेवा. आणि अण्णांना सांगा, बटण दाबून सोडायचं, धरून उभं राहायचं नाही. चाळीस सेकंद धरलं तर तेच बटण सगळं पुसतं. ती सोय सेटऑप्शन१ १ ने बंद होते, तीही करून टाका.

ज्योत्स्ना_इंदिरानगर

तीन आठवड्यांनी लिहितेय. वायरमन रविवारी आला, एमसीबी बसवला, स्नबर लावला, घंटीचं बटण जुन्या जागीच, दारामागे, कारण अण्णांचा हात तिथेच जातो. सेटऑप्शन१ केलं. आधी अण्णा रुसले होते, 'मला आता मोटर लावायला शिकवणार का?' मग मीच कबूल केलं की चूक माझी होती, जुनं बटण मी मुकं करून ठेवलं होतं. त्यावर काही बोलले नाहीत. चहा मात्र मागितला.

मधल्या काळात लाईट मोजून अकरा वेळा गेली. स्टेटस १ मध्ये बूटकाउंट वाढत चाललाय, तारीख तीच आहे. परवा वहीत माझ्या अक्षराखाली अण्णांच्या अक्षरात एक ओळ सापडली: '६.५२. लाईट गेली. मोटर मी लावली. एकदाच दाबले.'

पोर्चचा दिवा आता सव्वासातला लागतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुमची दुसरी पाळी सुटली का?