'परीक्षा घेतली' की 'परीक्षा दिली'? (इंग्रजी क्रियापद: टेक)

एका कथेचा अनुवाद करतोय. नायिकेबद्दलच्या एकाच वाक्यात 'टेक' तीनदा येतं: परीक्षेला, दोषाला आणि निरोपाला. वाक्याचा सगळा ठेका त्यावरच आहे. 'दोष अंगावर घेतला, निरोप घेतला' इथवर जमतं. पण 'तिनं परीक्षा घेतली' म्हटलं की ती विद्यार्थिनी न राहता परीक्षक होते. 'दिली' लिहावं तर ठेका मोडतो. काय करावं?

—

तिन्हीकडे 'देणे' आणून पाहिलं. परीक्षा दिली, कबुली दिली... तिसऱ्याला मीही अडकले. 'निरोप दिला' म्हटलं की ती दारातच उभी राहते आणि जातं दुसरंच कुणीतरी.

—

शिवाय सांगावा पोचवला, असाही अर्थ निघेल. 'परीक्षेला बसली' घ्या की. फ्रेंचमध्येही परीक्षेला 'पासे' हे क्रियापद लागतं, आणि त्याचा अर्थ पास होणं नव्हे, नुसतं परीक्षेला बसणं.

—

पण मग निरोपाच्या वेळी ती बसणार कशी? ती तर निघालीय.

—

मूळ दुखणं वेगळंच आहे. 'फोटो घेतला', 'आंघोळ घेतली' ऐकून कान किटले. फोटो काढतात, आंघोळ करतात. प्रत्येक 'टेक'ला 'घेणे' चिकटवायची सवय आधी सोडा.

—

'निर्णय घेतला' तुम्हाला खटकत नाही, मग फोटोनंच काय घोडं मारलंय? चित्र काढतात म्हणून फोटोही काढू लागले, एवढंच. उद्या 'घेतला' रुळलं तर तेही मराठीच.

—

निर्णयात अनेक पर्यायांतला एक उचलायचा असतो, म्हणून तिथं 'घेणे' शोभतं. फोटोत काय उचलता?

—

जरा मुळाकडे जाऊ. 'घेणे' आलं प्राकृत 'गेण्हइ'वरून, त्याच्यामागे संस्कृत 'ग्रह्'. 'गृहीत'ही त्याच धातूचं, म्हणजे 'घेतलेलं'. 'टेक फॉर ग्रँटेड'ला आपण 'गृहीत धरणे' म्हणतो, तेव्हा 'टेक' त्यात आधीच दडलेलं असतं! मला हे फार आवडतं. आणि 'टेक' तरी अस्सल इंग्रजी कुठलं? ते जुन्या नॉर्समधून आलेलं. जुन्या इंग्रजीत 'निमन' होतं, त्याचं भावंड जर्मनमध्ये 'नेमेन' म्हणून अजून नांदतंय.

—

म्हणजे त्यांनी आख्खं क्रियापद उसनं घेतलं तरी त्यांची भाषा बुडाली नाही. 'फोटो घेतला'नं आपलीही बुडणार नाही.

—

मूळ प्रश्नाचं सांगते. 'घेणे' सहायक म्हणून वापरा: परीक्षा देऊन घेतली, दोष ओढवून घेतला, निरोप घेतला. ठेका राहतो.

—

सुचवणी सुंदर आहे, पण 'देऊन घेतली'त उरकल्याचा सूर लागतो, जेवून घेतलं तसा. कथेत तिनं या परीक्षेसाठी वर्षं घातली आहेत. तिथं 'उरकली' नको वाटतं.

—

उरकण्याचाच सूर कशावरून? 'समजून घेतलं'मध्ये कुठं उरकणं आहे? तिथं तर उलट सावकाशपणा आहे.

—

आणि 'बघून घेईन'मध्ये? तिथं नक्की काय घ्यायचं असतं?