मदत हवी आहे: एन्झाइम घालूनही रिंग बंद होत नाहीये (तातडीचं!)

अडकलेला_बुरशा (शुक्रवार, रात्री ११:४०)
मंडळी, सोमवारी गाइडसमोर डेटा ठेवायचाय आणि तीन आठवडे एकाच जागी रुतलोय. सबस्ट्रेट (एन्झाइमचा कच्चा माल) आहे, एन्झाइम आहे, लोह आहे, ऑक्सिजन आहे. रिंग होत नाही. एलसीएमएसवर (रेणू वेगळे करून वजन दाखवणारं यंत्र) सबस्ट्रेटचा ३६४ संपत जातो, पण ३६० उगवतच नाही. त्याऐवजी ३६३ ला खणखणीत पीक. म्हणजे एकच हायड्रोजन निघतोय आणि गाडी अर्ध्यात अडकतेय. अर्धवट रिंगवर कुणी काम केलंय का? पेपर वाचून झालेत, लिंका नकोत.

मॅक्रोलाइडवाला
थायोएस्टरेज एन्झाइमचा घोळ, पैज लावतो. एरिथ्रोमायसिनमध्ये साखळी पूर्ण झाली की शेवटचं थायोएस्टरेज तिला आधी स्वतःच्या सेरीनवर घेतं. मग साखळीचाच एक ओएच वळून कार्बोनिलवर येतो आणि १४ अणूंचं कडं सुटं होतं. त्याच्या आधी पाणी घुसलं की रिंगऐवजी सरळ आम्ल हातात. तुझ्याकडे पाणी घुसतंय.

औषधी_अण्णा
त्याने लोह लिहिलंय, वाचा की जरा. लोह म्हणजे पी४५० जातीचं एन्झाइम. व्हँकोमायसिनमध्ये पेप्टाइड वाहक प्रोटीनला लटकलेलं असतानाच आधी ऑक्सी-बी, मग ऑक्सी-ए, मग ऑक्सी-सी ही एन्झाइम एकेक सांधा जोडत जातात. मोकळं पेप्टाइड दिलंस का? मग बस बोंबलत.

मॅक्रोलाइडवाला
लोह आमच्या सोसायटीच्या पाण्यातही येतं अण्णा, तिथे व्हँकोमायसिन तयार झालेलं बघितलं नाही.

सुगरण_७२
दाढेसाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात, तिसऱ्या दिवशीच बरं वाटलं. थांबवू का? इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते.

मुळशीकर
ताई, ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारा.
बुरशा, बाकीच्यांना भांडू दे. कुठली रिंग, कुठलं एन्झाइम? अख्ख्या धाग्यात एकाही रेणूचं नाव नाही!

अडकलेला_बुरशा
पेनिसिलिन हो, ३६४ म्हटल्यावर अजून कुठलं असणार? सबस्ट्रेट एसीव्ही, तीन अमिनो आम्लांची साखळी, आणि त्याची रिंग करणारं एन्झाइम आयपीएनएस.

मुळशीकर
आम्ही काय आकडे पाठ करून बसलोय का. असो. तुझ्या गणितातच अडचण आहे. एक रिंग बंद झाली की दोन हायड्रोजन जातात, दोन्ही झाल्या की चार: ३६४, ३६२, ३६०. एक हायड्रोजन गमावून ३६३ वर थांबणारी 'अर्धवट रिंग' असतच नाही. पीक झूम करून बघ, आयसोटोप एकेक एककावर आहेत की अर्ध्या-अर्ध्या?

रसायनप्रेमी
एवढा काथ्याकूट कशाला? बीटा-लॅक्टम म्हणजे शेवटी अमाइड. पाण्याचा एक रेणू काढला की झालं. थोडं गरम करून बघा.

मुळशीकर
गरम?! एन्झाइमची उकडलेली अंडी होतील.
आणि अमाइड एसीव्हीत आधीपासूनच आहे, सिस्टीन आणि व्हॅलीनच्या मध्ये. नवा बंध होतो तो त्याच नायट्रोजनचा सिस्टीनच्या बीटा कार्बनशी. तुम्ही म्हणता तसं अमाइड नव्याने जोडून रिंग करणारं एन्झाइम क्लॅव्हुलॅनिक आम्लाच्या वाटेवर आहे, ते एटीपी खर्च करतं. पेनिसिलिनमध्ये जोर ऑक्सिजनचा. लोहाला दोन हिस्टिडीन आणि एका अ‍ॅस्पार्टेटने धरलेलं असतं. एसीव्हीचं गंधक थेट त्या लोहावर येऊन बसतं, शेजारी ऑक्सिजन बसतो, आधी चौकोनी रिंग बंद होते. उरलेला ऑक्सिजन लोहावर इतका खवळलेला असतो की तो व्हॅलीनचा हायड्रोजन ओढतो, आणि गंधक तिथे जाऊन पाचाची रिंग पुरी करतं. चार हायड्रोजन, ऑक्सिजनचा एक रेणू, पाण्याचे दोन. ऑक्सफर्डवाल्यांनी १९९९ साली स्फटिकात दाबाखाली ऑक्सिजन सोडून हे टप्प्याटप्प्याने पाहिलं. व्हॅलीन बदललेला सबस्ट्रेट दिला तर खरोखर पहिल्याच रिंगवर थांबतं. पण तुझा तर अस्सल एसीव्ही ना?

एचए_कॉलनी
पेनिसिलिन वाचून राहवलं नाही. आमचे बाबा पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशनला होते. कंपनी १९५४ ची. कॉर्न स्टीप लिकरचा, म्हणजे मका भिजवलेल्या पाण्याचा, आंबूस वास त्यांच्या शर्टाला यायचा, आई तो वेगळा भिजत घालायची. फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल घातलं की बुरशी पेनिसिलिन-जी देते, एवढं मला सातवीत पाठ होतं. हमायसिन हे बुरशीनाशकही पिंपरीचंच बरं का! बाकी चालू द्या.

मॅक्रोलाइडवाला
हमायसिनसुद्धा मॅक्रोलाइडच, मोठ्या कड्याचं. नोंद घ्यावी.

अडकलेला_बुरशा
अस्सलच आहे. आयसोटोप अर्ध्या-अर्ध्यावर दिसतायत. म्हणजे काय?

मुळशीकर
म्हणजे दोन प्रभार. यंत्र वस्तुमानाला प्रभाराने भागून दाखवतं, म्हणून खरं वस्तुमान दुप्पट, चिकटलेले दोन प्रोटॉन वजा करून ७२४. तुझी दोन एसीव्ही गंधकाला गंधक लावून जोडीने फिरतायत. डायसल्फाइड! एकाच प्रभाराचं ७२५ दिसायला हवं होतं. स्कॅन कुठपर्यंत लावला होतास?

अडकलेला_बुरशा
५०० पर्यंत. त्याच्या वर काही असणारच नव्हतं ना.

मुळशीकर
🙏 डीटीटी, गंधकाच्या जोड्या सोडवणारं, किती घातलंस? एन्झाइमच्या आधी काय-काय केलंस, क्रमाने लिही. 'नेहमीप्रमाणे' असं लिहू नकोस.

अडकलेला_बुरशा
डीटीटी नाही घातलं, प्रॉडक्ट बिघडेल वाटलं. एसीव्ही आणि फेरस सल्फेट मिसळून अर्धा तास हवेचे बुडबुडे सोडले, ऑक्सिजन लागतो म्हणून. मग एन्झाइम. फेरस सल्फेटचं द्रावण लॅबमध्ये होतंच, पिवळसर आहे.

औषधी_अण्णा
पिवळसर! ते फेरस राहिलेलं नाही रे बाळा, फेरिक झालंय.

मुळशीकर
या बाबतीत अण्णांशी सहमत. लोह आणि हवा मिळून अर्ध्या तासात तुझे थायोल, म्हणजे एसीव्हीचे मोकळे गंधक, जोडीला लागले, आणि आयपीएनएसला गंधक मोकळंच हवं. ताजं फेरस सल्फेट, सोबत अ‍ॅस्कॉर्बेट आणि डीटीटी. बुडबुडे बंद, उघडी ट्यूब नुसती हलवत राहा. एलसीएमएसचा नंबर लागेपर्यंत थोडं मिश्रण मायक्रोकॉकस ल्युटिअस या जिवाणूच्या प्लेटवर टाक. भोवती वाढ थांबलेलं वर्तुळ दिसलं, आणि पेनिसिलिन मोडणारं पेनिसिलिनेज घातलेल्या जोडप्लेटवर ते नाहीसं झालं, तर रिंग झालीच.

अडकलेला_बुरशा (रविवार, पहाटे १:१५)
७२५ ला डोंगर निघाला!! तुम्ही म्हणालात तसं सगळं पुन्हा केलं. ३६० आलं, पण अगदी चिमुकलं. ३६४ बराचसा तसाच पडून आहे. ट्यूबच्या तळाशी गढूळ साका जमतोय, तो एन्झाइमचा असेल का?

मुळशीकर
बफर कुठला?

अडकलेला_बुरशा
फॉस्फेट. लिहिलं नव्हतं का?

मुळशीकर
नव्हतं. तळाशी तुझं लोह बसलंय. ट्रिस घे.